जाहिरातीचा पैसा कोठे मुरतो?
चौकशीच्या नोंदवहीविषयी थोडेसे
(ऊस विकास विभागाकडून)



या पानावर आम्ही एरवी बेणे, खत, पाचट आणि हुमणी यांविषयी लिहितो. या वेळचा विषय जरा निराळा आहे, आणि तो तुम्हीच आमच्यापुढे आणून ठेवला आहे. गेल्या दोन-तीन हंगामांत आपल्या कार्यक्षेत्रातील बरेच सभासद उसाच्या जोडीला काही ना काही विकू लागले. कोणी एक डोळा पद्धतीची ऊस रोपे विकतो, कोणी काकवी व गूळ पावडर, कोणी हळद. विकायचे म्हटले की जाहिरात आलीच. रस्त्याकडेला फलक लागतो, कृषी प्रदर्शनात गाळा घेतला जातो, घरातला पोरगा मोबाईलवर जाहिरात चढवतो. पैसे जातात. मग गट कार्यालयात येऊन एक सभासद आम्हाला विचारतात ते असे : "साहेब, पैसा तर घातला. पण पाणी कुठल्या सरीत मुरलं अन् कुठल्या सरीला पोचलंच न्हाई, ते कळंना. आता काय करावं?"

प्रश्न हौसेचा नाही. विचारणारे गृहस्थ अकरा सभासदांच्या गटाचे प्रमुख. गटाने सोसायटीचे कर्ज काढून ऊस रोपांसाठी शेडनेट उभे केले. ऊस रोपांचा धंदा कसा असतो हे तुम्हाला सांगायला नको. ट्रेमधले रोप महिना-सव्वा महिन्यात लागणीला तयार होते, आणि तयार झाले की थांबत नाही. दीड महिन्याच्या पुढे गेले की मुळ्या कप्प्यात गुंडाळतात, पाने पिवळी पडतात, मग घेणारा हात लावत नाही. साखर गोदामात ठेवता येते, रोप ठेवता येत नाही. मागील हंगामात या गटाच्या रोपांचा मोठा भाग उकिरड्यावर गेला. कर्जाचा हप्ता मात्र आपल्या तारखेला आला. आणि नवल असे, की त्याच महिन्यात गटाच्या फोनवर विचारणा येतच होत्या! फोन होता एका सभासदाच्या मुलाकडे, मुलगा असे कॉलेजात. कोणाला "संध्याकाळी सांगतो" म्हणायचे, कोणाचा नंबर वर्तमानपत्राच्या कडेला लिहून ठेवायचा, आणि संध्याकाळी ते वर्तमानपत्र चुलीत गेलेले असायचे.

हे डोक्यात असतानाच फळबागा व भाजीपाल्याच्या पाहणीसाठी काही सभासदांसह पालघर जिल्ह्यात जाण्याचा योग आला. ठाणे जिल्ह्यातून १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झालेला हा जिल्हा. बोईसरला उतरले की औद्योगिक वसाहतीच्या चिमण्या दिसतात, पुढे तारापूरला १९६९ पासून चालू असलेले अणुवीज केंद्र, आणि तेथून जवळच समुद्रकाठी चिंचणी हे डहाणू तालुक्यातील गाव. वाड्या, नारळी, भाजीपाला, पलीकडे खारी हवा. गाडीतून उतरताच आमच्यातील एकजण म्हणाले, "इथं टिपरूभर ऊस न्हाई, मग आपण कशाला आलो?" त्यांचे खरे होते. पण चिंचणीत आम्हाला एक गोष्ट अशी पाहायला मिळाली, की ती उसाच्या गावात सहसा दिसत नाही.

चिंचणी आणि आसपासच्या किनारपट्टीच्या गावांत घरोघर डाय बनविण्याचा धंदा चालतो. पोलादाच्या ठोकळ्यावर दागिन्याची नक्षी कोरायची. त्यावर सोन्याचा, चांदीचा किंवा पितळेचा पातळ पत्रा ठेवून दाब दिला की नक्षी पत्र्यावर उठते. हा ठोकळा म्हणजे डाय. काम डोळ्यांचे आणि मनगटाचे. बसणारा माणूस तासन् तास मान वर करीत नाही. पण आमच्या दृष्टीने महत्त्वाचे असे, की या मालाचे गिऱ्हाईक गावात नाही. ते आहे सराफाच्या पेठांत, शहरात, परप्रांतात. गिऱ्हाईक डोळ्यांसमोर नसले की माणसाला नोंद ठेवावीच लागते.

आम्ही ज्या घरी बसलो होतो तेथील म्हाताऱ्या कारागिरांनी जुनी वही दाखविली. तारीख, नाव, गाव, कसली डाय हवी, आणि शेवटी एक रकाना : 'कोणाच्या ओळखीने'. आम्ही विचारले, हा रकाना कशासाठी? ते म्हणाले, "डाय पोलादाची. एकदा दिली की तो सराफ पुन्हा कधी येईल, सांगता येत नाही. पण त्याने पाठवलेला माणूस येतो. कोण माणसे पाठवतो ते कळायला नको का?" आता त्यांच्या सुनेने तीच वही मोबाईलमध्ये घेतली आहे. नक्षीचा फोटो आला, विचारणा आली, की नाव आपोआप चढते, कोणाला उत्तर द्यायचे राहिले ते लाल अक्षरांत दिसते, आणि महिनाअखेर कोणत्या वाटेने किती चौकश्या आल्या व त्यांतल्या किती मागणीत उतरल्या याचा तक्ता निघतो. याला बाजारात 'लीड मॅनेजमेंट सॉफ्टवेअर' म्हणतात. लीड म्हणजे चौकशी; म्हणजे ज्याने अजून पैसे दिलेले नाहीत पण ज्याच्या मनात घेण्याचे आले आहे, असा माणूस.

(जाता जाता : नोंदीच्या बाबतीत चिंचणीचे नाव जुनेच आहे. येथे राष्ट्रकूट काळातील ताम्रपट सापडले. त्यातील एक शके ८४८चा, म्हणजे इ. स. ९२६चा. त्या वेळी जवळच्या संजाणचा कारभार राष्ट्रकूटांच्या वतीने एक अरब अधिकारी पाहत होता, हे या ताम्रपटामुळे कळते. पत्र्यावर कोरून ठेवले म्हणून हजार वर्षांनी कळले. असो.)

आता हे यंत्र करते तरी काय, ते उसाच्या भाषेत सांगतो. तुम्ही लागण करता आणि गट कार्यालयात नोंद देता. गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख. २०२२ साली साखर आयुक्तालयाने त्यासाठी 'महा-ऊस नोंदणी' हे मोबाईल अ‍ॅपही काढले. पण नोंद म्हणजे गाळप नव्हे. नोंदीतला काही ऊस बेण्याला जातो, काही गुऱ्हाळाला, काही चाऱ्याला, काही शेजारच्या कारखान्याला (कोणाचा ते आम्ही येथे लिहीत नाही, पण आम्हाला ठाऊक असते). उरलेल्याचा तोडणी कार्यक्रम लागतो, टोळी येते, चिटबॉय पावती फाडतो, गाडी वजनकाट्यावर चढते. बिल निघते ते काट्यावरच्या टनांचे, नोंदीतल्या हेक्टरांचे नव्हे. नोंदीपासून काट्यापर्यंत कोणत्या टप्प्यावर ऊस गळतो, हे ज्या शेतकी खात्याला कळते त्याचा हंगाम नीट जातो.

विक्रीचेही तेच. चौकशी म्हणजे नोंद, आगाऊ रक्कम म्हणजे तोडणीची पावती, माल उचलला म्हणजे काटा. गावोगावचे उत्पादक नेमके येथे फसतात. "या जाहिरातीनं दोनशे फोन आले" असे अभिमानाने सांगतात. दोनशे फोन म्हणजे दोनशे नोंदी. काट्यावर काय आले?

ही युक्ती संगणकाबरोबर जन्मली असे मात्र समजू नये. अमेरिकेत टपालाने माल विकणारे व्यापारी शंभर वर्षांपूर्वीच प्रत्येक वर्तमानपत्रातील कुपनावर वेगळी खूण छापीत. कुपन परत आले की कोणत्या पत्रातील जाहिरातीने माणूस आणला ते कळे. क्लॉड हॉपकिन्स या जाहिरात लेखकाने १९२३ साली या मोजमापावर एक पुस्तकच लिहिले. आपल्याकडे १९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी समजूत होती आणि पहिले मोजके नांगर खपायलाच दोन वर्षे लागली. पुढे १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघाले, ते कारखान्याचा माल आणि गिऱ्हाईक यांच्यात बोलणे चालू राहावे म्हणून. आपले हे पत्रक त्याच वाटेवरचे म्हणावयास हरकत नाही. संगणकावरील प्रकार त्यानंतरचा. १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सेल्सफोर्स ही कंपनी निघाली आणि गिऱ्हाइकांची वही इंटरनेटवर ठेवण्याची रीत रुळली. २००५ पासून आपल्या चेन्नईच्या झोहो कंपनीची अशीच प्रणाली मिळू लागली. आज लहान-मोठ्या डझनावारी आहेत. आम्ही कोणाचीही शिफारस करीत नाही.

आता हिशेब करू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, कोणत्याही गटाचे नाहीत. समजा, एका रोपवाटिकेने एका हंगामात जाहिरातीवर ४०,००० रुपये घातले. रस्त्यावरच्या फलकांना १२,०००, प्रदर्शनातील गाळ्याला १८,००० आणि मोबाईलवरील जाहिरातीला १०,०००. फलक वाचून ४० चौकश्या आल्या, गाळ्यावर ६० आणि मोबाईलवरून २५०. प्रत्येक चौकशीचा खर्च काढला तर फलक ३०० रुपये, गाळा ३०० रुपये आणि मोबाईल अवघे ४० रुपये. झाले! कोणीही म्हणेल, फलक उतरवा, गाळा बंद करा, सगळा पैसा मोबाईलवर लावा.

थांबा. मागण्या किती झाल्या? फलकाच्या १०, गाळ्याच्या २४, मोबाईलच्या १५. एका मागणीचा खर्च अनुक्रमे १,२००, ७५० आणि सुमारे ६६७ रुपये. मोबाईल अजूनही पुढेच आहे. पण रोपे किती गेली? फलक पाहून आलेल्यांनी सरासरी ६,०००, म्हणजे एकरभराची रोपे नेली, एकूण ६०,०००. गाळ्यावरच्यांनी सरासरी ५,०००, एकूण १,२०,०००. मोबाईलवाल्यांनी सरासरी ८००, एकूण १२,०००. ही ८०० रोपे म्हणजे काय ते तुमच्या लक्षात आलेच असेल. नांग्या भरायला नेलेली! आता हजार रोपांमागे जाहिरातीचा खर्च पाहा. फलक २०० रुपये, गाळा १५० रुपये, मोबाईल ८३३ रुपये. हजार रोपांमागे जाहिरातीपूर्वी ४०० रुपये सुटतात असे धरले, तर फलकाने १२,००० मिळवून दिले, गाळ्याने ३०,००० दिले आणि मोबाईलने ५,२०० रुपये खाल्ले. जे सर्वांत स्वस्त दिसत होते तेच अंगावर आले.

तरी हिशेब येथे संपत नाही, आणि वहीपेक्षा सॉफ्टवेअर येथे सरस ठरते. चौकशी किती वाजता आली आणि उत्तर किती वाजता गेले, हे ते स्वतःच टिपून ठेवते. समजा, मोबाईलच्या २५० जणांपैकी १०० जणांना त्याच दिवशी उलट फोन गेला व त्यांतून १३ मागण्या आल्या. उरलेल्या १५० जणांना चार-पाच दिवसांनी फोन केला, त्यांतून २ आल्या. आता दोष जाहिरातीचा की फोन धरणाऱ्याचा? सगळ्यांना वेळेवर फोन गेला असता आणि त्याच प्रमाणात मागण्या आल्या असत्या, तर ३२-३३ मागण्या, सुमारे २६,००० रोपे आणि १०,४०० रुपये. म्हणजे जाहिरातीचा खर्च जेमतेम भागला असता. ज्याला रोपे हवीत तो घात आलेली असते म्हणून विचारतो. चार दिवसांनी वाफसा जातो, किंवा तो दुसरीकडून रोपे आणतो. वर सांगितलेल्या अकरा जणांच्या गटाचे दुखणे आमच्या मते जाहिरातीत नव्हतेच, ते त्या चुलीत गेलेल्या वर्तमानपत्रात होते.

आणखी एक भानगड आहे ती श्रेयाची. माणूस गाळ्यावर येऊन मागणी नोंदवतो, पण त्याने महिनाभर येता-जाता तुमचा फलक पाहिलेला असतो, आणि घरी त्याच्या मेव्हण्याने "त्यांची रोपं चांगली हायत" असे सांगितलेले असते. मग माणूस आणला कोणी? पुष्कळ सॉफ्टवेअर शेवटच्या वाटेला सगळे श्रेय देऊन मोकळे होतात. आमची सूचना अशी, की प्रत्येकाला दोन प्रश्न विचारावेत : आमचे नाव पहिल्यांदा कोठे कळले, आणि आज फोन कशावरून केला? दोन्ही उत्तरे वेगवेगळ्या रकान्यांत. चिंचणीच्या कारागिरांचा 'कोणाच्या ओळखीने' हा रकाना अजिबात गाळू नये. ऊस रोपेही डायसारखीच. एकदा लागण केली की तो शेतकरी खोडवा घेणार, वर्ष-दोन वर्षे रोपांसाठी फिरकणार नाही. पण त्याचे रान पाहून बांधालगतचा येतो. तो फुकट आलेला गिऱ्हाईक जाहिरातीच्या खात्यावर टाकला, की सगळा तक्ता खोटा झाला.

त्याच पट्ट्यातील चिकूचे उदाहरण येथे आठवते. 'डहाणू घोलवड चिकू' याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, बोर्डीला २०१३ पासून चिकू महोत्सव भरू लागला, २०२१ मध्ये हा चिकू इंग्लंडला गेला. नाव झाले, हे चांगलेच. पण नाव सगळ्या भागाचे असते आणि हप्ता ज्याचा त्याचा असतो. महोत्सवात आपल्याकडून एक पिशवी नेणाराने पुढे फोन केला का, हे ज्या बागायतदाराने टिपले त्यालाच पुढच्या वर्षी गाळा घ्यावा की नाही ते ठरवता येते. पिशवीवर गाळ्यासाठी एक व दुकानासाठी दुसरा फोन नंबर छापला तरी अर्धे काम होते. दोन सिमकार्डांचा खर्च तो कितीसा?

काळाचेही भान ठेवावे. अडसालीसाठी विचारणा एप्रिल-मेपासून सुरू होते, रोपे उचलली जातात जुलै-ऑगस्टात. मे महिन्यात तक्ता काढून "जाहिरात वाया गेली" म्हणणे म्हणजे मोठ्या बांधणीआधी टनेज विचारण्यासारखे आहे. आणि नांग्यांसाठी ८०० रोपे नेणारा पुढच्या वर्षी दोन एकरांसाठी येतो की नाही, हे निदान दोन हंगामांच्या नोंदीशिवाय दिसणार नाही. म्हणून मोबाईलची जाहिरात एका हंगामाच्या आकड्यांवर साफ बंद करावी असे आम्ही म्हणणार नाही. कमी करावी, आणि फोन धरायला माणूस नेमावा.

विकत घेण्याची घाई मात्र करू नये. ही सॉफ्टवेअरे बहुतेक दरमहा, दर माणशी भाड्याने मिळतात. विकणारा गोड बोलतो, पन्नास प्रकारचे तक्ते दाखवतो. तुम्हाला चारच लागतात : कोणत्या वाटेने किती चौकश्या, किती मागण्या, किती माल, आणि उत्तराला किती वेळ. पहिला हंगाम साध्या वहीवर काढा. ज्या गटाला वही भरायचा कंटाळा येतो त्याला संगणकही वाचवीत नाही. तेथेही कोणीतरी बोटाने भरावेच लागते. मग एखादी फुकट किंवा स्वस्त आवृत्ती महिनाभर चालवून पाहा. मराठीत नाव लिहिता येते का, रेंज नसताना चालते का, आणि सोडून जायचे झाले तर आपली सगळी नावे एक्सेलच्या तक्त्यात काढून नेता येतात का, हे तीन प्रश्न पैसे देण्याआधी विचारावेत. शेवटचा प्रश्न बहुतेकजण विसरतात आणि मग अडकतात.

लोकांचे फोन नंबर ही उधार आणलेली वस्तू आहे, हेही सांगावेसे वाटते. ज्याने रोपांसाठी नंबर दिला त्याला विम्याचे फोन जाऊ लागले तर तो तुमच्या दारात पुन्हा येणार नाही. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठी संसदेने २०२३ साली कायदा केला आहे. ज्यांनी १९०९ वर नको असलेल्या फोनांना बंदी नोंदवली आहे, त्यांना सरसकट जाहिरातीचे फोन करता येत नाहीत. विचारूनच नंबर लिहावा आणि ज्या कामासाठी दिला त्याच कामाला वापरावा.

अकरा जणांच्या त्या गटाने परवाच्या बैठकीत एवढे केले : फोन मुलाकडून काढून गटातील एका वहिनींकडे दिला. त्या दिवसभर शेडवरच असतात आणि त्यांचे अक्षर चांगले आहे. गाळा घ्यायचा की नाही यावर बराच वाद झाला. दोघे म्हणाले, "अठरा हजार कशाला घालायचं?" शेवटी यंदा घ्यायचा, पण तेथे आलेल्या प्रत्येकाचे नाव वहीत आले पाहिजे, असे ठरले. ट्रे भरण्याचे काम तीन टप्प्यांत करायचे, आणि पुढचा टप्पा वहीतल्या पक्क्या मागण्या पाहूनच भरायचा, असेही ठरले. हे आम्हाला सर्वांत पटले. हप्ता ऑक्टोबरात आहे.

वहीचा नमुना आम्ही आखून घेतला आहे. रकाने आठ : तारीख व वेळ, नाव व गाव, फोन, काय व किती हवे, नाव पहिल्यांदा कोठे कळले, आज कशावरून आलात, उत्तर केव्हा दिले, आणि शेवटी माल किती उचलला. नमुना सर्व गट कार्यालयांत मिळेल. रोपवाटिका, गूळ किंवा हळद विकणाऱ्या सभासदांनी तो अडसालीची विचारणा सुरू होण्यापूर्वी न्यावा. भरलेली वही हंगाम संपल्यावर घेऊन आलात, तर तक्ता काढायला आमच्या खात्यातील माणूस तुमच्याबरोबर बसेल. वही तुमचीच राहील, तिची नक्कल आम्ही ठेवणार नाही.